दोघांना एकच पेपर

मित्रांनो, मी एक जुनी परीक्षा आहे. घाबरू नका, मुलांची नव्हे, संगणकांची! माझ्या पोटात नुसती समीकरणे भरली आहेत. ती सोडवायला किती वेळ लागला, ते मोजून मी यंत्राला गुण देते. जाणती माणसे मला बेंचमार्क म्हणतात.

एका गणितज्ञाने मला वहीत लिहिले. मग फितीवरून आणि तबकडीवरून मी देशोदेशी हिंडले. खोलीभर पसरलेले महासंगणक माझ्यापुढे घाम गाळत. ज्याला जास्त गुण मिळत, त्याचा फोटो वर्तमानपत्रात येई. मला खूप मान होता, आणि खरे सांगते, मला त्याची थोडी गुर्मीही चढली होती.

फिरत फिरत मी ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात, हवामानाच्या एका छोट्या कार्यालयात येऊन पडले. तिथे बारा कपाटांचा एक महासंगणक होता. नजीहा नावाची बाई रोज पहाटे त्याच्याकडून दुसऱ्या दिवसाच्या वाऱ्याचे गणित करून घेई. पन्नास मिनिटांत अंदाज हातात येई. मग पहिला फोन वडिलांना. तिचे वडील बशीर केरकेन्ना बेटावर राहत आणि ऑक्टोपस धरायला समुद्रात मातीची मडकी सोडत.

"बाबा, उद्या वारा आहे. घरीच बसा."

"बसतो, लेकी. तुझं यंत्र माझ्या गुडघ्यांपेक्षा बरं सांगतं!"

मला मात्र सात वर्षे कोणी हात लावला नाही. अशात कार्यालयाचे साहेब, सी हेदी म्हणजे आपल्याकडचे हेदीसाहेब, यांनी स्वतःसाठी नवा पीसी आणला. ते पूर्वी गणिताचे मास्तर होते. विजेचे बिल पाहून ते बारा कपाटांवर आधीच चिडलेले होते.

"घ्या दोघांची परीक्षा," ते म्हणाले, आणि धूळ झटकून त्यांनी मला बाहेर काढले. मी किती हरखले म्हणून सांगू!

माझ्यातली समीकरणे हवी तेवढी कमी-जास्त करता येतात. सी हेदींनी थोडीशीच ठेवली.

नजीहा म्हणाली, "सी हेदी, महासंगणकाला हा पेपर फार छोटा होतो. त्याला मोठा द्या."

"वा! एकाला सोपा, एकाला अवघड? वीस वर्षं मास्तरकी केली मी. दोघांना एकच पेपर, याला न्याय म्हणतात."

पेपर सुटला. पीसीला तीन सेकंद लागले. महासंगणकाला अकरा! मी पुन्हा मोजले. अकराच. माझ्या तोंडचे पाणी पळाले. ज्याच्यापुढे पीसी म्हणजे किस झाड की पत्ती, तो हरला!

"नाव मोठं आणि लक्षण खोटं!" सी हेदींनी टाळी वाजवली.

कारण साधे होते, मित्रांनो. महासंगणक म्हणजे एकत्र राबणारी शेकडो छोटी यंत्रे. वाटीभर भाजी चिरायला शंभर आचारी बसवले, तर चिरण्यापेक्षा ती प्रत्येकाला वाटून देण्यातच जास्त वेळ जातो. नजीहाने हे सांगून पाहिले, पण आकड्यापुढे तिचे कोण ऐकणार? शनिवारी बारा कपाटांची वीज तोडली.

रविवारी पहाटे पाच वाजता नजीहाने सोमवारच्या वाऱ्याचे गणित पीसीवर लावले. संध्याकाळ झाली तरी निम्मेही होईना. सोमवारी पहाटे बशीरचा फोन आला.

"काय म्हणतो समुद्र?"

"बाबा, अजून गणित चाललंय. मला... मला माहीत नाही."

"रेडिओवाला तर सगळ्या किनाऱ्याला ठीक म्हणतोय."

"त्यांच्या नकाशात आपलं बेट एवढंसं दिसतं, बाबा. आज नका जाऊ."

"मडकी चार दिवस पाण्यात आहेत गं. जवळच जाऊन येतो."

दुपारी दोन वाजता पीसीने उत्तर दिले. सोमवार, सकाळी नऊ, केरकेन्नाजवळ वादळी वारा. नजीहाने घड्याळाकडे पाहिले आणि खुर्चीच्या पाठीला घट्ट धरले. नऊ वाजून पाच तास झाले होते. मी त्याच पीसीत होते. मला ओरडावेसे वाटले, पण परीक्षेला आवाज नसतो.

बशीरची होडी नऊ वाजताच उलटली होती. मासे अडवायला समुद्रात रोवलेले खजुराच्या झावळ्यांचे कुंपण हाती लागले, म्हणून ते वाचले. दुसऱ्या होडीने बाहेर काढेपर्यंत पाच तास ते त्या झावळ्यांना लटकून होते.

सी हेदी इस्पितळात आले ते डोक्यावरची लाल टोपी हातात घेऊनच. बशीरच म्हणाले, "मास्तर, पेपर काढायच्या आधी एकदा समुद्र बघून जायचं होतं."

दुसऱ्या दिवशी महासंगणकाची वीज जोडली. या वेळी नजीहाने माझी समीकरणे समुद्रासारखी वाढवली. महासंगणक पीसीच्या चाळीस पट वेगाने धावला. सी हेदी मान खाली घालून तो आकडा बघत राहिले. कोणी टाळी वाजवली नाही.

मित्रांनो, मला जरूर वापरा, पण जपून वापरा. कोणी मी दिलेले गुण दाखवून एकाला डोक्यावर घेतले आणि दुसऱ्याला अडगळीत टाकले, तर त्याला आधी विचारा, प्रश्न केवढा विचारला होता? आणि खरे काम केवढे आहे?

बशीरच्या उजव्या हाताची बोटे अजून मिटत नाहीत. आणि त्या दिवशी मी दिलेल्या गुणांत एकही चूक नव्हती.