अकरा हजारांचं डांगर

कोर्टात आपल्या अंगणातल्या डांगराचा विषय निघेल, असं दयाबाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मुलाच्या, नोहाच्या, मागच्या बाकावर त्या पदर सावरून बसल्या होत्या. नोहाने नादारीचा अर्ज केला होता. सावेडीतला फोटो स्टुडिओ बसला. एंजेलाच्या, म्हणजे सुनेच्या, डायलिसिससाठी एकाची तीन क्रेडिट कार्डं झाली. एका कार्डाचं दुसऱ्याने भागवता भागवता व्याज डोक्यावरून गेलं, आणि एवढं करून एंजेलाही राहिली नाही. आता जे आहे ते कोर्टाने घ्यावं आणि उरलेल्या कर्जातून मोकळं करावं, एवढंच त्याचं मागणं. दोन बँका गप्प राहिल्या. तिसरीने हरकत घेतली.

"दवाखान्याच्या खर्चाबद्दल आमचं काही म्हणणं नाही," तिचे वकील म्हणाले. "पण अर्ज करायच्या जेमतेम महिनाभर आधी या गृहस्थांनी आमच्या कार्डावर अकरा हजार उडवलेत. कशावर, तर एका लाल भोपळ्यावर!"

मागे खसखस पिकली. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एका भोपळ्यावर?"

"चर्चमध्ये लिलाव होता, मॅडम," नोहा खालमानेने म्हणाला.

"म्हणजे दानधर्म! आमच्या पैशाने!" वकिलांना जोर चढला. "फेडायची ऐपत नाही हे ठाऊक असताना असा खर्च करणारा माणूस प्रामाणिक कसा म्हणायचा?"

न्यायाधीशबाईंनी पुढची तारीख दिली. ती रक्कम परत आली तर विचार करता येईल. नाहीतर हरकतीत तथ्य आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली दयाबाईंनी पिशवीचे बंद घट्ट धरले. "माझ्या पेन्शनीतून भरते मी."

"तसं नाही चालणार, आजी," नोहाची वकील रेश्मा म्हणाली. "दिलेलं दान जिथे गेलं, तिथूनच परत यायला हवं. चर्चच्या मंडळीकडे मागा."

"देवापुढे ठेवलेलं परत मागू?" नोहा एकदम उसळला. "त्यापेक्षा अर्ज पडला तरी चालेल."

चालणार नव्हतं. अर्ज पडला की वसुलीवाले पुन्हा दारात. एंजेलाच्या मातीच्या दिवशीसुद्धा त्यांचे फोन थांबले नव्हते, हे दयाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी वाकून पलंगाखाली पाहिलं. डांगर तिथेच होतं, जाड सालीचं, जरा एका अंगाला बसकं. चिरायला हात धजला नव्हता.

हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे सुगीनंतर देवाचे आभार मानायच्या उपासनेला, ज्याच्या घरी जे पिकेल ते देवाच्या टेबलावर यायचं. बाजरीची कणसं, लसणाच्या जुड्या, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला कोंबडा. उपासना संपली की लिलाव. त्या लिलावाचे राजे दयाबाईंचे यजमान, शांतवन मास्तर. ते उठले की मंडळीत आधीच हशा. कुठल्याही वस्तूला त्यांची पहिली बोली ठरलेली, "अकरा!" मग कोणी बारा म्हणे, कोणी व्याह्याला डिवचायला वीस. बायकोच्या डांगरावर तर मास्तर हटून बसायचे. "घरचंच डांगर विकत नेता व्हय मास्तर?" कोणी विचारलं, की म्हणायचे, "घरात फुकट मिळतं म्हणून किंमत कळत नाही, बाबा."

मास्तर गेले. तरणीताठी पोरं पुण्याला गेली. गेल्या हिवाळ्यात दयाबाईंच्या डांगराला एकच बोली आली, पन्नास रुपयांची, तीही दया आल्यासारखी. लिलाव पुकारणारे श्रीमंतभाऊ दोन वार म्हणाले. तिसरा वार तोंडातून निघणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "अकरा... हजार!" क्षणभर दयाबाईंना वाटलं, मास्तरच बोलले. वळून पाहिलं तर नोहा उभा. टाळ्या झाल्या. त्याने मोबाईल काढून तिथल्या तिथे पैसे भरले. ते उधारीचे होते, हे त्या माउलीला काय ठाऊक? त्या आठवडाभर हवेत चालल्या होत्या.

"एवढे कशाला रे बोललास?" आज त्यांनी विचारलं.

"बाबांसारखं अकरा म्हणायला उठलो. सगळ्यांनी वळून पाहिलं. अकरा रुपयांत तुझी शोभा होईल असं वाटलं, आणि हजार तोंडातून निसटलं."

दयाबाई हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. आणि तेव्हाच त्यांना ती कोंबडी आठवली.

रविवारी उपासना संपताच त्या डांगर कडेवर घेऊन पुढे निघाल्या, नातवाला घ्यावं तसं. नोहाने मान खाली घातली. त्यांनी डांगर टेबलावर ठेवलं.

"सलाम मंडळी," त्या म्हणाल्या. "नोहाने हे बोलीने घेतलं. त्याला ते झेपलेलं नाही. म्हणून परत टेबलावर ठेवते."

कुजबुज झाली. चर्चचे पाळकसाहेब तरुण, नुकतेच बदलून आलेले. "आजी, अर्पण परत... अशी पद्धत नाही."

"आहे. तुमचा जन्म नव्हता तेव्हाची. बहात्तरच्या दुष्काळात लोक बोली बोलून बसले आणि द्यायला दमडी नाही. तोंड चुकवायला माणसं देवळात यायची बंद झाली. तेव्हाच्या पाळकबाबांनी सांगितलं, ज्याला जमलं नाही त्याने वस्तू परत टेबलावर ठेवावी, दुसरा उचलेल. कोणी कारण विचारायचं नाही. आमच्या ह्यांनी कोंबडी घेतली होती. ती परत आणली, पिल्लांसकट!"

मागून छबूबाईंनी टाळी वाजवली. या मूळच्या पाथर्डीकडच्या, लहानपणीच इकडे आलेल्या, ऊसतोडीत जन्म गेलेल्या. "खरं हाय! मी पोर हुते तवा. मास्तरांनी पिल्लं मोजून दिली, अन् एक पिल्लू बाकाखाली शिरलं. समदी मंडळी त्याच्या मागं!"

हसण्याची लाट आली आणि ओसरली. पाळकसाहेबांनी पंचांकडे पाहिलं. श्रीमंतभाऊ खाकरत उठले. "कारण विचारायचं नाही म्हणतात. मग बोला. डांगर एक!"

"अकरा!" छबूबाई ओरडल्या.

नोहाने कान खाजवायला हात वर केला. दयाबाईंनी तो धरून खाली ओढला. "हात खिशात ठेव!"

बोली चढत चढत तीन हजारांच्या आसपास अडली. छबूबाईंनी, शेजारच्या बाकावरच्या सगळ्या बायकांना वर्गणीत ओढून, डांगर जिंकलं. "बाकीचं मंडळी सोसेल," पाळकसाहेब म्हणाले. "पूर्ण रक्कम कोर्टात जाईल."

तारखेला पाळकसाहेब स्वतः चेक घेऊन आले. न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पिल्लांचंही. "आता हरकत उरते का?" त्यांनी विचारलं. बँकेच्या वकिलांनी फाईल मिटली. "नाही, मॅडम." नोहाचा अर्ज मंजूर झाला. त्याने वळून आईच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

संध्याकाळी छबूबाई दारात आल्या. एका हातात डब्यात डांगराच्या गरम घाऱ्या, दुसऱ्या हातात कागदाची पुडी.

"बी तुमचं तुमाला," त्यांनी पुडी दयाबाईंच्या ओंजळीत ठेवली. "डांगर लई ग्वाड निघालं, बाई. मास्तर उगंच न्हवते हटून बसत."

दयाबाईंनी पुडी उघडली. बिया अजून ओल्या होत्या. त्यांनी त्या सुपात पसरल्या आणि सूप मास्तरांच्या खुर्चीत वाळायला ठेवलं.