आधीचे यजमान आणि पोटातलं घड्याळ

“तोंड मिटलंस म्हणून कान मिटू नकोस. नाहीतर ते मौन नव्हे, बसल्या बसल्या झोप.”

मी मौन धरू लागले तेव्हा सासूबाईंनी दिलेली ही एकच ताकीद. सकाळची प्रार्थना झाली की दुपारच्या जेवणापर्यंत मी बोलत नाही. रोजचा नेम आहे. घरच्यांना सवय झाली आहे, ह्यांना तर तो नेम फारच आवडतो.

त्या रविवारी मात्र हे मौन मी घराबाहेर नेलं, आणि तेही कुठे, तर लहरीसरांच्या यंत्राच्या जाहीर प्रयोगाला. सभागृह तुडुंब भरलं होतं. जिन्यात माणसं, खिडक्यांत माणसं. पंखे फिरत होते, पण वारा फक्त पंख्यांनाच लागत होता. खाली जागा नव्हती म्हणून हे वरच्या सज्जात जाऊन बसले.

लहरीसरांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि दाही बोटांत खड्यांच्या अंगठ्या. म्हणजे विज्ञान रुसलं तर अध्यात्म आहे, अध्यात्म रुसलं तर विज्ञान आहे.

“मी डॉक्टर नाही!” ते गरजले. “डॉक्टर प्रश्न विचारतो. का विचारतो? कारण त्याला माहीत नसतं! माझं यंत्र एकही प्रश्न विचारत नाही. प्रत्येक अवयव लहरी सोडतो. यकृत सोडतं, मूत्रपिंड सोडतं, अगदी करंगळीसुद्धा सोडते!”

मागून कुणीतरी यावर काहीतरी चावट बोललं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंत्र म्हणजे चंदेरी रंगाचं कपाट. त्यावर लुकलुकणारे दिवे, वर मोठा पडदा, आणि जाड वायरीने जोडलेला एक टोप. रोग्याने टोप घालायचा, की पडद्यावर त्याचा आजार अक्षर अक्षर उमटायचा. शेजारी काचेची भली मोठी बरणी होती. लहर दुरुस्त झाली की मनगटाला ‘लहरपट्टी’ बांधायची आणि आपली औषधं त्या बरणीत टाकायची. “औषधांना निरोप!” असं सर ओरडत आणि लोक टाळ्या वाजवत. बरणी अर्धी भरली होती.

मी तिथे गेले होते ते थोरल्या जाऊबाईंसाठी. त्यांना कित्येक वर्षं मधुमेह. इन्सुलिन टोचून टोचून कंटाळल्या होत्या. त्या सकाळी तर त्यांनी टोचलंच नाही. “आता सुटकाच होणार, तर शेवटचं कशाला?” म्हणाल्या. त्यांची मुलगी, माझी पुतणी, शाळेत विज्ञान शिकवते. ती वाटभर समजावत होती, “आई, जिवावर बेतेल अगं.”

“तू गप्प बस. जरा काकूकडून शीक, कशी गप्प असते!”

स्टेजवर जाण्याआधी सगळ्यांना शेजारच्या खोलीत बसावं लागे. ‘लहरी शांत होण्यासाठी.’ गार हवा, मऊ खुर्च्या, टेबलावर कागदी फुलांची फुलदाणी. गुलाबी ओढणीतली एक स्वयंसेविका प्रत्येकाला पाणी देई आणि अशी मायेने विचारपूस करी की माहेरची आठवण यावी. आमच्या जाऊबाई तर धरण फुटल्यासारख्या बोलत सुटल्या. साखर, गुडघे, रात्रीची जाग, पोटची मुलगी ऐकत नाही ते दुःख. स्वयंसेविका मान डोलवत होती. “अगं बाई… हो का… आणि पाय बधिर होतात म्हणता?”

मग ती माझ्याकडे वळली. “तुम्हाला काय होतंय, काकू?”

मी ओठांवर बोट ठेवलं. मौन आहे, म्हणून.

“अरेरे, दाढ का?”

मी जोरजोरात मान हलवली.

“मानही धरलीय! सोबत कोण आलंय? यजमान?”

मी वर बोट दाखवलं. सज्जाकडे.

तिचा चेहरा पडला. “वर गेले? देवाची इच्छा हो. रडू नका.”

मी रडत नव्हते. मी बोट खाली-वर करून सज्जा, जिना, खुर्ची असं सगळं हवेत काढून दाखवलं. तिने माझा हात हातात घेतला आणि फुलदाणीकडे तोंड करून हळहळली, “धक्क्याने वाचाच बसली बिचारीची!”

फुलदाणीला कशाला सांगते ही, असं माझ्या मनात आलं. पण विचारणार कशी?

आधी जाऊबाई स्टेजवर गेल्या. टोप डोक्यावर चढला आणि पडद्यावर अक्षरं धावली: साखर. गुडघे. निद्रानाश. पाय बधिर. कन्या ऐकत नाही. जाऊबाईंना हुंदका फुटला. “न विचारता ओळखलं हो! डॉक्टरांना सुद्धा मुलीचं कधी कळलं नाही!” सरांनी त्यांच्या मनगटाला पट्टी बांधली, त्यांना बरणीशेजारी उभं केलं आणि म्हणाले, “पुढचा रोगी झाला की दोघी मिळून निरोप द्या.” जाऊबाईंच्या मुठीत इन्सुलिनचं पेन होतं.

मग मी. मी रोगी नाही हे सांगता येईना, त्यांनी मला पुढे ढकललंच. टोप डोक्यावर बसला. पडदा उजळला.

“दाढदुखी,” सरांनी वाचलं. “मान धरली आहे. वाचा बसली आहे.” मग आवाज कातर करून, “पतिवियोग. माउली, यजमानांना जाऊन फार दिवस नाही झाले. लहर अजून ओली आहे.”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सज्जातून आवाज आला, “अहो, मी आहे इथे! चहालासुद्धा उठलेलो नाही!”

शेकडो माना वर वळल्या. हे कठड्यावरून वाकून हात हलवत होते.

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. लहरीसर क्षणभरच थांबले. “यंत्र चुकत नाही. हे आत्ताचे यजमान. यंत्र बोलतंय ते आधीच्या यजमानांबद्दल.”

“आधीचे?” ह्यांचा आवाज चिरकला. “अगं, कधी बोलली नाहीस!”

अख्खं सभागृह माझ्याकडे बघत होतं. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, “गरीब गाय वाटते, पण बघा!” आणि मला तर तोंड उघडायचं नव्हतं. देवाने माणसाची परीक्षा घ्यावी, पण इतक्या लोकांसमोर?

मी नुसते हात झाडत राहिले.

“बघा, कबूल करवत नाही त्यांना,” सर म्हणाले. “मोठ्या ताई, तुम्ही सुरू करा. औषधांना…”

जाऊबाईंचा हात बरणीवर गेला. मी टोपासकट उठले आणि त्यांचं मनगट धरलं. टोपाची वायर ताणली गेली, कपाटातून सटकली आणि सळसळत बाहेर आली. तिच्या टोकाला काही म्हणजे काही नव्हतं. नुसती गाठ मारलेली होती. आणि पडद्यावरची ‘पतिवियोग’ ही अक्षरं मात्र तशीच लखलखत होती!

जाऊबाई त्या गाठीकडे बघत राहिल्या. मग सरांकडे. “काय हो, आधीचे कोण? हिचं आणि भावजींचं लग्न मी जुळवलंय. फ्रॉक घालायची तेव्हापासून ओळखते मी हिला.”

“माणसं लपवतात, ताई. यंत्र लपवत नाही.”

“माझ्यापासून? ही बाई डब्यातला लाडू खाल्ला तरी मला येऊन सांगते!”

तेवढ्यात पुतणी स्टेजवर चढली. “सर, तपासाच एकदा. मला बघा. हवं तर खोलीत बसते मी, लहरी शांत करून येते.”

लोक ओरडले, “बघा, बघा!” आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. पुतणी खोलीत गेली, मीही मागोमाग गेले. गुलाबी ओढणी घाबरली होती, पण पुतणीने तिला विचारायला वेळच दिला नाही. “ताई, माझ्या पोटात घड्याळ आहे हो. लहानपणी गिळलं. अजून चालतं, पण जरा मागे पडतं.”

स्वयंसेविकेने डोळे विस्फारले. बोलता येईना, म्हणून फुलदाणीकडे बघून ती जोरजोरात खोकू लागली. मी पुतणीच्या दंडाला चिमटा घेतला आणि फुलदाणीकडे बोट दाखवलं. या खेपेला माझं बोट बरोबर वाचलं गेलं.

मी दारात येऊन पाहते तो, पुतणी अजून खोलीतच असताना स्टेजवर पडदा उजळला. सर सवयीने वाचत सुटले, “उदरात… घड्याळ. घड्याळ… मागे पडते. जुनाट… खोकला.”

पहिल्यांदा एक म्हातारा हसला. मग सभागृहच हसलं. वरून हे ओरडले, “चावी द्या हो तिला!”

आणि पुतणी फुलदाणी घेऊनच बाहेर आली. कागदी फुलांत मायक्रोफोन, त्याची वायर भिंतीकडेने स्टेजमागच्या काळ्या पडद्यात गेलेली. तिने पडदा ओढला. मागे कानाला हेडफोन लावलेला एक टायपिस्ट बसला होता. त्याने आमच्याकडे निरागसपणे पाहिलं. “मला काय विचारता? ऐकू येतं ते मी टाइप करतो. घड्याळाचं मलाही जरा विचित्र वाटलं होतं.”

टोप उलटा केला तर तो पार्लरमधला केस वाळवायचा टोप निघाला. लहरीसर लहर फिरल्यासारखे मागच्या दाराकडे निघाले होते, पण तिथे गर्दीच इतकी होती, त्यांनीच जमवलेली, की वाट मिळेना.

मग बरणीभोवती झुंबड उडाली. “माझी पांढरी गोळी!” “अहो, सगळ्याच पांढऱ्या आहेत!” पुतणीने बरणीवर दोन्ही हात ठेवले. “कुणीही अंदाजाने गोळी उचलायची नाही. आपापल्या डॉक्टरांकडे जा, नवीन लिहून घ्या. इतकं तरी ऐका.”

मी रोज देवाचं नाव घेणारी बाई आहे आणि घेत राहीन. पण माझ्या देवाने मला कधी ‘प्रश्न विचारू नकोस’ असं सांगितलं नाही. जो तसं सांगतो त्याच्या कपाटामागे एकदा डोकावून बघा. वायर कुठे जाते ते बघा. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी इतकंच आठवा, की याला हे कुणी सांगितलं? बहुतेक वेळा आपणच सांगितलेलं असतं. आणि ज्या औषधावर जीव तगून आहे, ते टाळ्यांच्या नादात सोडू नका.

घरी येताच पुतणीने आईची साखर मोजली, दवाखान्यात फोन लावला, आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढं इन्सुलिन तिला दिलं. जेवायला बसलो, माझं मौन सुटलं. हे वाटच बघत होते. “हं, आता सांग. आधीचे कोण होते?”

“तुमच्यापेक्षा कमी बोलायचे,” मी म्हणाले.

सगळे हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. ताटात बोट फिरवत लेकीला म्हणाल्या, “ती गुलाबी ओढणीवाली लबाड होती, कबूल. पण ती विचारत होती गं. पाय कसे आहेत, झोप लागते का. तू फक्त ‘टोचलंस का?’ विचारतेस.”

पुतणीने हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाली, “पाय कसे आहेत, आई?”

“मुंग्या येतात. डाव्याला जास्त.” त्या बराच वेळ सांगत राहिल्या आणि ती ऐकत राहिली. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, “उद्या उपाशीपोटीच जाते रक्त द्यायला. पायही दाखवते. वचन देते. पण तू सोबत यायचं नाहीस, डॉक्टरांसमोर मला पोरांसारखी झापतेस.”

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेला बसले होते. स्वयंपाकघरात चहाची भांडी वाजली नाहीत. जाऊबाई खोलीतून बाहेर आल्या. पिशवीत जुन्या तपासण्यांचे कागद टाकले, इन्सुलिनचं पेन टाकलं. आतल्या खोलीत लेक झोपली होती, तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. मग दाराची कडी आवाज होऊ न देता काढली, चपला हातात घेतल्या आणि पायरीवर जाऊन घातल्या. डावा पाय जरा जपून टेकवत त्या दवाखान्याच्या दिशेने निघाल्या.