लाल स्टिकर

माणूस बोलायला शब्द जुळवतो तेव्हा मेंदूच्या कुठल्या अर्ध्यात रक्त जास्त धावतं, हे मोजण्यात माझी ग्रोनिंगन विद्यापीठातली चार वर्षं गेली. डोक्याला पट्टा, दोन्ही कानशिलांवर सेन्सर, पडद्यावर दोन रेघा: लाल डावी, निळी उजवी. एक अक्षर दाखवायचं, समोरच्यानं पंधरा सेकंद मनात शब्द जुळवायचे, मग म्हणायचे. बहुतेकांचं रक्त डावीकडे धावतं. माझ्या एकतीस तोतऱ्यांचं उजवीकडे धावलं. लेख स्वीकारला गेला, डॉक्टरेट ठरल्यात जमा झाली. इथली रीत अशी की आनंद ज्याचा, केक त्यानं आणायचा. मी मोठा आणला.

त्याच दुपारी फेरतपासणीला हार्मेन आले. निवृत्त बसड्रायव्हर, एकतिसांतले पहिले. पट्टा चढवला आणि त्यांनी डावं कानशील खाजवलं. पडद्यावर निळी रेघ उडाली.

"पुन्हा खाजवा."

"ख-खाज गेली, पोरी."

"तरी खाजवा."

निळीच.

नव्या पट्ट्यावर डावी बाजू दाखवणारा लाल स्टिकर मी लावला होता; त्या बाजूचा सेन्सर लाल रेघेला जोडायचा. पट्टा चढवलेल्या माणसासमोर बसून, माझ्या डावीकडे. समोरच्याचं तोंड आपल्याकडे असतं, एवढं मेंदूवर चार वर्षं काम करणारीच्या मेंदूत शिरलं नाही. तुलनेसाठीचे, तोतरं न बोलणारे लोक आधीच्या विद्यार्थ्यानं जुन्या पट्ट्यानं मोजले होते. बरोबर मोजले होते, मेल्यानं.

मी रेघा उलटवून पाहिल्या. एकतीसच्या एकतीस जण चारचौघांसारखे निघाले.

"माझं उ-उजवीकडेच आहे ना?" हार्मेननी विचारलं. "तो आलेख मी बैठकीच्या खोलीत लावलाय. चाळीस वर्षं बायको म्हणायची, नीट श्वास घे. आता ग-गप्प असते."

"केक घ्या," मी म्हणाले.

विब्रांड आमचा प्राध्यापक. त्याला सगळे अरेतुरे करतात, म्हणून तो मित्र आहे असं मला चार वर्षं वाटलं. तो दुसरा तुकडा खात होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तू स्टिकर मोजलास."

सकाळपर्यंत 'आपण' मोजलं होतं.

"दर आठवड्याला रेघा तू बघायचास, विब्रांड."

"रेघा बघायचो. डोकी तू बघायचीस." त्यानं बोट चाटलं. "लेख मागे घे. आजच."

"आणि डॉक्टरेट? करार महिनाअखेरीला संपतोय."

"स्टिकरवर डॉक्टरेट देत नाहीत, सीत्स्के. पत्रावर सही एकटीचीच कर. पहिलं नाव तुझंच आहे ना, मग मान तुझा. केक मात्र छान होता हं."

हार्मेनना मी काही सांगितलं नाही. ते दोन तुकडे डब्यात बांधून गेले, एक बायकोला.

मग पट्टा माझ्याच डोक्यावर चढवला आणि पत्र लिहायला बसले. पंधरा सेकंद शब्द सुचेना. पडद्यावर एक रेघ सारखी उसळत होती. डावी की उजवी, कळायला मार्ग नव्हता. स्टिकर मी नखानं खरवडून काढला होता.