वन्संचं ‘हं’

खांबावरच्या आरशाच्या डाव्या कोपऱ्यात कोळ्याने जाळं विणलं होतं. बाहेरच्या धाग्यांमधलं अंतर साधारण पाच मिलिमीटर, आतल्यांमधलं दोन. फुंकर मारायच्या आधी वहिनीने ते नीट पाहून घेतलं. उपग्रहावर लेसर सोडण्याआधी तो या खांबावर सोडून यंत्र जुळवायचं असे, आणि तिथे दोन मिलिमीटरांनाही मान होता.

“आता कोळ्याचीही दुरुस्ती घालणार का गणितात?” मागून वन्संनी विचारलं.

“जाळं काठावर आहे. किरण मधे पडतो.”

“म्हणजे विचार करून झालाय.”

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. दोघी एकाच केंद्रात कामाला. नात्याच्या हाका इथेही अशा चिकटल्या की संचालकसुद्धा त्यांना वहिनी आणि वन्संच म्हणत.

अंगभर आरसे जडवलेल्या, धातूच्या गोळ्यांसारख्या दोन उपग्रहांवर वन्सं लेसर सोडत आणि प्रकाश परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढत. त्या अंतरांवरून उपग्रहांच्या कक्षा किती सरकल्या ते वहिनी शोधत असे. झोपेत कूस बदलणारा माणूस शेजारच्याचं पांघरूण ओढतो, तशी फिरणारी पृथ्वी भोवतालचं अवकाश जरासं ओढते, असं सिद्धांत सांगतो. त्यामुळे कक्षा वर्षाला जेमतेम दोन मीटर सरकायला हवी. पृथ्वीच्या फुगीर कमरेमुळे ती सरकते हजारो किलोमीटर. त्या ढिगातून हे दोन मीटर वेचायचे. पांघरुणाची उपमा वहिनीचीच, आणि ती नवऱ्यादेखत सांगायची तिला खोड होती.

मन उत्तराकडे झुकू नये म्हणून केंद्रात एक रीत होती. हिशेब सुरू होतानाच वन्संनी उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून ठेवला होता. तो वजा केल्याशिवाय सिद्धांताशी जुळलं की फसलं, हे वहिनीलाही कळणार नव्हतं. एकदा वजा केला की हिशेबाला हात लावायचा नाही. जे येईल ते छापायचं. आकडा उघडायला सांगण्याचा हक्क एकट्या वहिनीचा. उमेदीची सगळी वर्षं तिने यात घातली होती, आणि तेवढे शब्द काही तोंडातून निघत नव्हते. आधी भरती-ओहोटी तपासायची राहिली होती, मग भूजल, मग कक्षेचा कल.

“लग्नाला हो म्हणायलाही हिने असाच वेळ घेतला होता,” नवरा म्हणे.

“आणि तरी चूक राहिलीच,” वन्सं म्हणत.

त्या दुपारी चहाच्या खोलीत वहिनीने नवा आलेख टेबलावर ठेवला. वन्संनी चष्मा वर केला, आलेख पाहिला आणि म्हणाल्या, “हं.”

“हे खालच्या सुरातलं होतं.”

“घसा बसलाय.”

“मागच्या महिन्यात उन्हाचं आटोपशीर गणित घातलं, तेव्हा वरच्या सुरात म्हणाला होतात.”

उन्हाने तापलेला गोळा उष्णता बाहेर टाकतो, तेव्हा त्याला किंचित धक्का बसतो. तो काढायची दोन गणितं होती, एक लांबलचक आणि एक आटोपशीर.

वन्सं चहा ढवळायच्या थांबल्या. “तू माझं हं लक्षात ठेवतेस?”

“मुद्दाम नाही. राहतं.”

“मग ते आटोपशीर का ठेवलंस?”

वहिनीने मनात कारण शोधलं. ते घातल्यावर वन्संचा चेहरा उजळला होता. दुसरं कारण तिला सापडेना.

“तुमच्या तोंडाकडे बघून,” ती म्हणाली.

वन्सं इतक्या हसल्या की कप खाली ठेवावा लागला. “अगं, त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडून आले होते. दात काढायची गरज नाही म्हणाला, म्हणून खूश होते. आणि आकडा मला कुठे माहीत आहे? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून मशीनलाच सांगितलं, तूच एक निवड आणि दडवून ठेव.”

“मग इतकी वर्षं ते हं?”

“तू दर वेळी इतक्या आशेने बघायचीस. काहीतरी म्हणायला नको?”

चहा तसाच टाकून वहिनी आपल्या टेबलाशी गेली. आटोपशीर गणित गोळा स्वतःभोवती भरभर फिरतो असं धरून चालायचं. तो खरंच तसा फिरतो का, हे परतणाऱ्या प्रकाशाच्या लुकलुकण्यावरून कळलं असतं. नेमकं तेवढंच तिने पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. दोन्ही गोळे कधीचेच मंदावले होते. तिने आटोपशीर गणित काढून लांबलचक घातलं. उत्तर सरकलं, सिद्धांताच्या जवळ की दूर, कोण जाणे. सवयीने तिने मान वळवली.

दारातल्या खुर्चीत वन्संनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं होतं. “इकडे बघू नकोस. मी भिंत आहे.”

“ध्रुवांवरच्या बर्फाचं वजन तपासलं होतं ना आपण?”

“दोनदा.”

“नाही जुळलं तर?”

“तर नाही जुळलं म्हणून छापायचं. आइन्स्टाइन काही तुझा सासरा नाही.”

“आणि जुळलं तर?”

“तर लोक म्हणतील, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. त्याचीही तयारी ठेव.”

वहिनीने तपासायचं आणखी काही आठवून पाहिलं. काही आठवेना. तिने खुर्ची पुढे ओढली.

“वन्सं,” ती म्हणाली, “उघडा आकडा.”