निरंक नावाचा माणूस

प्रबंध जमा करायला सव्वीस दिवस उरले होते, आणि एका अनोळखी माणसाचा चांगुलपणा मंजुषाच्या डोळ्यांत खुपायला लागला होता.

माणूस म्हणजे नुसतं नाव. निरंक. सरकारी फॉर्मात सांगण्यासारखं काही नसलं की लिहितात, तो शब्द.

मंजुषा कन्नड तालुक्यातल्या धनगराच्या घरातली. विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सची पीएचडी करत तिला सहावं वर्ष चालू होतं. पुंडलिकनगरात एक खोली, खोलीत एक टेबल. त्याच टेबलावर तिनं 'सांधा' नावाचा प्रोग्राम लिहिला होता. जुन्या टाइप केलेल्या मराठी कागदांत अक्षरांवरची रेघ जागोजाग तुटते आणि मशीनला शब्द वाचता येत नाहीत. सांधा ती रेघ जोडायचा आणि मजकूर वाचून द्यायचा. मंजुषानं तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. कुणीही घ्यावा, वापरावा, चूक सापडली तर दुरुस्ती सुचवावी. पैसा मागायचा नाही. वाचनालयं वापरत होती, एक-दोन कचेऱ्याही. दुरुस्ती आत घ्यायची की नाही हे मात्र एकट्या मंजुषाच्या हातात. ती किल्ली तिच्याकडेच होती.

आई दगडाबाईला हे कधी पटलं नाही. फोन आला की ठरलेला प्रश्न. "फुकट कोन राबतं गं? तुला कुनी फशिवतंय तर नाय ना?"

"आई, सगळ्यांच्या उपयोगाचं आहे ते."

"मंग सगळ्यांनी राबावं की. तूच काऊन?"

आणि आता खरोखरच कुणीतरी राबायला आलं होतं, तर मंजुषाला झोप नव्हती.

निरंकची पहिली दुरुस्ती इवलीशी होती. सांधा 'शेतकऱ्याचा' हा शब्द 'शेतकयाचा' असा वाचायचा. मंजुषाला ती चूक दोन वर्षं ठाऊक होती, पण वेळ झाला नव्हता. निरंकनं ती अकरा ओळींत मिटवली. मग दुसरी, मग पाचवी. काम स्वच्छ, भाषा नम्र इंग्रजी. आठव्या दुरुस्तीसोबत त्यानं लिहिलं, "तुम्ही अभ्यासात असाल. किल्ली मला दिलीत तर मी सांभाळीन."

तिथं तिचा हात थांबला. आपण प्रबंध लिहितोय हे याला कुणी सांगितलं?

परदेशात घडलेला असाच एक किस्सा तिनं विभागात ऐकला होता. असाच खुला प्रोग्राम एकट्यानं सांभाळून दमलेल्या माणसाच्या दाराशी कुणी गोड बोलत आला, दोन वर्षं इमानेइतबारे मदत केली, किल्ली हाती पडताच प्रोग्रामात चोरवाट ठेवली. सांध्यात तशी चोरवाट बसली तर तो वापरणाऱ्या प्रत्येक कचेरीतले कागद चोराला उघडे.

चार दिवसांनी 'जागल्या' नावाचं दुसरं खातं उगवलं. "मालकीणबाई झोपल्यात काय? दुरुस्त्या महिना-महिना पडून आहेत. निरंकला किल्ली द्या, नाहीतर सोडा." हेही इंग्रजीतच. मंजुषानं दोघांचे निरोप शेजारी ठेवून वाचले. एकाच इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग दोघंही एकाच तऱ्हेनं चुकवत होते.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण बाजूला पडलं. वहीत वार आणि वेळा लिहून ती हिशेब मांडत बसली. निरंकच्या दुरुस्त्या दुपारी दीड ते अडीचमध्ये यायच्या. आठवड्यातला एक वार कायम कोरा. त्यानं तपासणीसाठी जोडलेलं एक जुनं खरेदीखत तिनं मोठं करून पाहिलं. नावं पुसलेली होती, पण कोपऱ्यातला अर्धा शिक्का राहून गेला होता. तालुका कन्नड.

मंजुषानं पुन्हा वही उघडली. तो कोरा वार कन्नडच्या बाजाराचा होता.

तिनं आईला फोन लावला. "आई, आपल्या इथं कॉम्प्युटरचं काम कोण करतं?"

"लई झालेत आता. तहशीलसमोर तुज्याच कालेजातला हाय की तो. शिवशंकर. सातबारा काढायला म्या त्याच्याकडंच जाते. तुजं इचारतो कधीमधी. म्या सांगते, मोठं पुस्तक लिवायलीय म्हनून."

शिवशंकर. मंजुषानं फोन ठेवला.

तोही पीएचडीलाच होता, तिच्याच गाइड सरांकडं. चार वर्षांपूर्वीच्या सेमिनारमध्ये त्यानं आपल्या कामात सांधा वापरला होता. सरांनी मध्येच थांबवलं. "हे मंजुषाचं आहे ना? चोरलंस?" आणि तिच्याकडं वळून विचारलं, "तुझंच ना?" ती म्हणाली होती, "हो सर, माझंच." सांधा खुला आहे, तो घ्यायला कुणाचीही परवानगी लागत नाही, एवढं एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिचा प्रगती अहवाल सरांच्या सहीसाठी अडला होता. ती गप्प राहिली. शेवटच्या स्लाइडवर शिवशंकरनं तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं होतं म्हणतात. तिथपर्यंत कुणी पाहिलंच नाही. दोन महिन्यांत त्यानं विभाग सोडला.

म्हणजे हा सूड. तिच्या नावावर चालणारा प्रोग्राम नासवायचा, तोही नेमका प्रबंधाच्या तोंडावर. सगळं जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कन्नडची एसटी पकडली. वेरूळला बस अर्धी रिकामी झाली, खिडकी मिळाली, पण बाहेर तिचं लक्ष नव्हतं. काय बोलायचं ते ती घोकत होती.

दुकान लहानसं होतं. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. शिवशंकर डबा खात स्क्रीनकडं पाहत होता. तिला पाहून त्याचा घास हातातच राहिला.

"निरंक तूच," मंजुषा म्हणाली. "आणि जागल्या पण."

त्यानं घास डब्यात ठेवला. "व्हय."

"दोन-दोन नावं कशाला? काय घालणार होतास सांध्यात?"

"घालणार?" त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला, पण हसू चांगलं नव्हतं. "परत चोर. बस. समोर बस अन् बघ."

त्यानं टेबलावरचा कागदांचा गठ्ठा तिच्यापुढं ढकलला. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, शाळेचे दाखले. "लोकं हे घेऊन येतात. वाचून टाइप करून द्या म्हणतात. तुझ्या सांध्यावर हे दुकान चालतं, मंजुषा. 'शेतकऱ्याचा' चुकलं की मला पानं हातानं सुधारावी लागतात. तू दोन-दोन महिने दार उघडत नाहीस. मी काय करू?"

"मग नावानं का नाही लिहिलंस?"

"माझ्या नावाची दुरुस्ती तू घेतली असतीस?"

तिनं गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला आणि परत ठेवला. "जागल्याचं काय?" तिनं विचारलं.

"ते चुकलं. वैतागलो होतो." तो खाली पाहत म्हणाला. "पण त्या दिवशी तू एक वाक्य बोलली असतीस तर..." त्यानं पुढचं सोडून दिलं आणि डबा बंद केला.

"बोलायला पाहिजे होतं," मंजुषा म्हणाली. "मी घाबरले."

त्यानं मान हलवली. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. चहा मात्र मागवला.

परत आल्यावर तिनं त्याच्या आठही दुरुस्त्या पुन्हा पहिल्यापासून तपासल्या. एकेक ओळ, दोन दिवस. त्याचं बोलणं पटलं होतं, तरी तपासल्या. एक साधी चूक निघाली, चोरवाट कुठंच नव्हती. तिनं त्या आत घेतल्या आणि त्याला कळवलं, "किल्ली देत नाही. पण यापुढं माझीही दुरुस्ती तू पाहिल्याशिवाय आत जाणार नाही. आणि खरं नाव टाक."

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिनं शिवशंकरचं नाव लिहिलं. गाइड सरांनी पान उलटताना चष्मा वर केला.

"हा तोच ना? चोरीवाला?"

"तोच, सर. त्यानं चोरी केली नव्हती. सांधा सगळ्यांसाठी खुला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही."

सरांनी प्रबंध मिटला. "ठेव इथं. बघतो."

तीन दिवस ती रोज विभागात जाऊन बसली. सर येता-जाता तिच्याकडं न पाहता पुढं जायचे. ऋणनिर्देशातून ते नाव काढलं तर सही होईल, असा निरोप शिपायाकरवी आला. तिनं काढलं नाही. चौथ्या दिवशी, मुदतीच्या आदल्या दुपारी, प्रबंध सहीसकट शिपायाच्या टेबलावर पडलेला सापडला. सरांना तिचं म्हणणं पटलं होतं की त्यांनी नाव नुसतंच राहू दिलं होतं, ते तिला शेवटपर्यंत समजलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं सांध्यात स्वतः एक बदल केला आणि शिवशंकरकडं पाठवला. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, या वेळी मराठीत. "चाळिसाव्या ओळीत फाइल बाहेर कुठं पाठवतेस? कशासाठी?"

ती आधी चिडली. मग खुर्ची पुढं ओढली, चाळिसावी ओळ उघडली आणि त्याला समजावून सांगायला बसली.