समोरच्याचा उजवा पाय

अकराच्या अकरा मुलं एकदमच चुकली. डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे वळली, डावा हात खाली आणायचा तिथे उजवा आणला, आणि तेही इतक्या सफाईने की नर्सबाई शिट्टी तोंडात धरून नुसत्या बघत राहिल्या.

दाराजवळच्या बाकावर ती बसली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं वाचून डोळे चुरचुरत होते. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या तायक्वांदो वर्गाचा हा हॉल महिनाअखेर मालकाच्या ताब्यात द्यायचा, असं तिने आणि आईने ठरवून टाकलं होतं. मुलांची बेल्टची परीक्षा तेवढी पार पडली की सुटलो. परीक्षा रविवारी होती आणि आज गुरुवार.

"पुन्हा," नर्सबाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. अकरा पाय उजवीकडे.

नर्सबाई बाबांच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी. नोकरी हॉस्पिटलात, कमरेला ब्लॅक बेल्ट, आणि नाव बाबांनी ठेवलेलं. बाबांच्या मागे वर्ग त्याच ओढत होत्या. पण मध्ये दहा दिवस त्यांना नाइट ड्युटी लागली आणि वर्ग बंद पडला. मुलांनी घरी सराव कशावरून करायचा? म्हणून तर तिने पुस्तिका केली होती.

भिंतीवर बाबांचा तक्ता होता. परीक्षेचा पूमसे, म्हणजे ओळीने करायच्या ठरावीक हालचाली, शाईने काढलेल्या अठरा चित्रांत. चित्रातला माणूस गोल डोक्याचा, नाक नसलेला, आपल्याकडे तोंड करून उभा. खाली एक अक्षर नाही. तिला ते खटकलं होतं. तिने तक्त्याचे फोटो काढले, पानांवर बसवले आणि प्रत्येक चित्राखाली ओळ घातली. उजवा पाय पुढे, उजवा हात खाली. चित्रातल्या माणसाचा उजवा कुठला, डावा कुठला, याची बोट ठेवून खातरजमा केली. तीन वेळा तपासलं. पुस्तिकेत शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

"पुस्तकात तसंच आहे," पुढचे दोन दात पडलेली मुलगी म्हणाली. "आजोबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलंय. पाढ्यांसारखं."

नर्सबाईंनी तिची पुस्तिका घेतली. दोन पानं उलटली. "हे उजवा-डावा कोणी लिहिलं?"

"मी," बाकावरून उत्तर आलं.

"अगं, सर आरशासारखे उभे राहायचे ना. मुलांनी डावा हात आणायचा, तर समोर सर स्वतःचा उजवा आणायचे. तक्तापण तसाच काढलाय. बघायचं आणि त्या बाजूला हलायचं, बस. त्यात वाचायचं काही नव्हतंच."

बाबांची शेवटची तुकडी नापास होणार होती, आणि तीही तिच्या नीटनेटकेपणापायी.

"आता सगळं उलटं करायचं, सोप्पंय," एक मुलगा म्हणाला आणि करायला गेला. तिसऱ्या हालचालीला शेजारच्याच्या बरगडीत कोपर बसलं.

नर्सबाई पुढे जाऊन मुलांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. माझं बघून करा, म्हणाल्या. मधे हात छातीसमोर न्यायची हालचाल आली, पाठीआड त्यांचे हात दिसेनात, आणि मुलं बघायला वाकून एकमेकांवर आपटली.

"तोंड करून करा ना," ती म्हणाली. "बाबांसारखं."

"तेच तर जमत नाही गं. बावीस वर्षं पाय सुलटे पडतायत. आरसा व्हायला गेले की तिसऱ्या पावलाला घोटाळा. ते सरच करू जाणे."

खालच्या छापखान्यातलं यंत्र धडधडत होतं. तिने मांडीवरच्या पुस्तिकेकडे पाहिलं. उजवा पाय पुढे. उजवा हात खाली. समोरच्या माणसाचा. तिने ओळ पुन्हा वाचली, मग पुढची, मग तिसरी. समोर उभं राहणाऱ्याने हे असंच्या असं केलं, तर मुलं बरोबर जाणार होती.

तिला उठायचं नव्हतं. बाराव्या वर्षी तिने हा वर्ग सोडला तो वाचायला वेळ मिळत नाही म्हणून. बाबांनी फक्त तिचा पिवळा बेल्ट गुंडाळून कपाटात ठेवला होता. परवा कपाट आवरताना तो सापडला होता, तसाच गुंडाळलेला.

"तुला काही आठवतं का?" नर्सबाईंनी विचारलं. समोर उभं राहणाऱ्यासाठी पुस्तिका बरोबर आहे, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

"अगदी काहीच नाही."

"मग बरंय. मोडायला सवय तरी नाही. मी वाचते, तू कर."

तिने चपला काढल्या. निळ्या मॅटवर पाय थंड पडले. मुलांकडे तोंड करून ती उभी राहिली, तेव्हा लक्षात आलं की इथून हा हॉल तिने कधी पाहिलाच नव्हता.

"उजवा पाय पुढे," नर्सबाईंनी वाचलं.

तिने टाकला. समोर नऊ पाय डावे पडले, दोन उजवे.

"पाठ केलेलं विसरा," नर्सबाई म्हणाल्या. "ताईंकडे बघा."

सहाव्या हालचालीला तिचा गुडघा कडकडला.

"ताई, सर एवढे हळू नव्हते करत," दात पडलेली म्हणाली.

"सर ओरडायचेपण," दुसरा म्हणाला. "हे बरंय."

चौथ्या खेपेला अकराही डावीकडे वळली. शेवटी मूळ जागी परतायचं असतं. ती परतली, तर जागा पाऊलभर चुकलेली. मुलं मात्र आपापल्या जागी होती.

मुलं गेल्यावर ती बाकावर बसली. पोटऱ्या आत्ताच ओढल्या जात होत्या. उद्या आणि शनिवारी, दोन्ही दिवस यावं लागणार होतं, आणि त्यानंतरचं तिने मनात येऊ दिलं नाही.

"पुस्तिका परत मागवते," ती म्हणाली.

"मुलांकडच्या मागव," नर्सबाई मॅट उचलत म्हणाल्या. "तुझी राहू दे."