दहा पावलं अलीकडे थांबलेला रूळ

माझ्यावर बसून चिंचा खाणाऱ्या मित्रांनो, तुम्ही मला धोंडा म्हणता. परवा तर एकाने माझ्यावर कोळशाने यष्ट्या काढल्या आणि दिवसभर मला चेंडू मारले. मारा बापडे. पण मी धोंडा नाही. मी रूळ आहे, आणि एका राजाने कोणत्या विमानात बसायचं हे ठरलं, तेव्हा ठरवणाऱ्या माणसाने माझ्याच पाठीवर कागद ठेवून सही केली होती. खोटं वाटत असेल तर माझ्या अंगावर अजून चुन्याचा एक ठिपका आहे, तो बघा.

माझा जन्म बालाघाटाच्या काळ्या दगडातला. पाथरवटांनी मला दोन महिने घडवलं आणि माझ्या पोटातून लोखंडी आस घातला. पुढे कितीतरी वर्षं मी उमरग्याकडच्या सडकेवर खडी दाबत फिरलो. तेव्हा माझा मोठा तोरा होता. माझ्या मागे सडक आणि पुढे नुसती धूळ, असं माझं राज्य होतं! एकदा उतारावर बैल उधळले, मी पुलाच्या कठड्यावर आपटलो आणि माझ्या कडेचा एक टवका उडाला. तेव्हापासून प्रत्येक फेऱ्याला माझा 'टक्' असा आवाज होऊ लागला. तुटका रूळ सडकेला शोभत नाही म्हणून मला येरमाळ्याला आणून टाकलं. तिथे तीन-चार वर्षं माझ्यावर फक्त शेरडं उभी राहिली.

मग दुसऱ्या महायुद्धाचे दिवस आले. निजामाचं राज्य होतं आणि धान्यावर लेव्ही बसली होती, म्हणजे पिकलेलं धान्य सरकार सक्तीने उचलून नेई. शिपाई घरोघर हिंडत, अंगणात लोखंडी पहार ठोकून बघत. जमीन पोकळ वाजली की खाली पेव आहे हे त्यांना कळे. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खोदलेलं, रांजणाच्या आकाराचं खोल तळघर. गावात पहारी वाजू लागल्या तेव्हा तिथल्याच एका शेतकरी घरच्या धुरपदाबाईंनी एक युक्ती केली. येडाईच्या, म्हणजे येडेश्वरी देवीच्या, डोंगराखाली जो मुरमाड माळ आहे, त्याच्या टोकाला त्यांनी नवं पेव खोदून घेतलं. सहा घरांची वर्षाची ज्वारी त्यात उतरली. तोंडावर फरशी बसली, फरशीवर मुरूम पसरला. माळावर कोण पहार ठोकायला येतंय!

आणि पंधरा दिवसांत हुकूम आला की, त्याच माळावर विमान उतरणार आहे.

माणिकगिरी नावाच्या एका संस्थानच्या राजेसाहेबांची लेक विषमज्वरातून उठली होती. तिला येडेश्वरीच्या पायांवर घालायचा नवस होता. वाट लांबची, म्हणून ते विमानाने येणार होते. माळ साफ करायला माणसं लागली, आणि दाबायला मी. शेरडांना हुसकून मला पुन्हा जू लावलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! बैल हाकायला धुरपदाबाईंचा धाकटा दीर गुंडाप्पा होता. त्याने हे काम हट्टाने मागून घेतलं होतं. का, ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

त्या दिवशी गुंडाप्पाला यायला उशीर झाला, म्हणून दुसरा एक गडी बैल हाकत होता. गुंडाप्पा धावत यायच्या आत त्याने मला माळाच्या टोकापर्यंत नेलं. माझी एक कड पेवावर गेली मात्र, खालून कट्‌ असा आवाज आला. जमीन माझ्याखाली थरथरली. सहा घरांची ज्वारी घालूनही पेव गळ्यापर्यंत भरलेलं नव्हतं, वरचा भाग पोकळ होता, आणि आता फरशी तडकली होती. मित्रांनो, मी दगड आहे, पण त्या क्षणी माझ्या पोटातला आससुद्धा गार पडला.

तिसऱ्या प्रहरी धुरपदाबाई भाकरी घेऊन आल्या. गुंडाप्पा माझ्या सावलीत बसला होता. भाकरी बाजूला सारून तो म्हणाला,

"वैनी, फरशी तडकली. म्या माझ्या कानानं ऐकलं."

"मग त्यावरनं रूळ न्यायचाच न्हाय. दहा पावलं अलीकडंच वळायचं. कुणी इचारलं तर बैलं अडेल हायती म्हन."

"आन्‌ इमान आलं म्हंजी?"

धुरपदाबाईंनी भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं. ज्वारी काढून घ्यावी म्हटलं तर माळावर रात्रंदिवस पहारा बसला होता. सांगावं तर ज्वारी जप्त आणि सहा घरचे कर्ते तुरुंगात. न सांगावं तर विमान. त्या दोघांनी आठ दिवस कसे काढले ते मला ठाऊक आहे, कारण ते दोघे रोज माझ्याशेजारीच बसायचे. गुंडाप्पा रोज दहा पावलं अलीकडे बैल वळवी. मी टक् टक् करत मागे फिरे आणि प्रत्येक फेऱ्याला मनात म्हणे, आजचा दिवस गेला.

नवव्या दिवशी राजेसाहेबांचे वैमानिक मोटारीतून माळ बघायला आले. कॅप्टन गफार त्यांचं नाव. उंच, सडपातळ, बोलणं कमी. त्यांच्यापुढे दोन विमानं होती आणि त्यांतलं एक ठरवायचं होतं. एक नवंकोरं, दोन इंजिनांचं, दहा माणसं बसतील एवढं. राजेसाहेबांनी ते नुकतंच घेतलं होतं आणि कधी एकदा त्यातून मिरवतो असं त्यांना झालं होतं. दुसरं लहान, कापडी पंखांचं, जुनं. वैमानिकामागे त्यात जेमतेम दोघं मावत. मोठ्याला सगळा माळ हवा होता, सातशे पावलं. लहान्याला निम्म्यात भागे. समोर डोंगर असल्यामुळे उतरायचं ते एकाच बाजूने, आणि थांबायचं ते पेवाच्या टोकाला.

तहसीलदार साहेबांनी शामियाना उभारला होता. राजेसाहेबांची तारही त्यांच्याकडे आली होती आणि ती त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. "मोठं विमान उतरत नसेल, तर दोष माळाचा की वैमानिकाचा, ते आम्ही बघू." कॅप्टननी ती ऐकली आणि फक्त टोपी सारखी केली.

"पूर्ण माळावरून एकदा रूळ न्या," ते गुंडाप्पाला म्हणाले, आणि माझ्या मागून चालू लागले.

मी निघालो. टक्. टक्. सहाशे पावलं झाली. साडेसहाशे. गुंडाप्पाने कासरा आखडून धरला होता, ते मला जुवातून जाणवत होतं. आज वळायचं नव्हतं. आज सरळ जायचं होतं, त्याशिवाय सुटका नव्हती. मी मनातल्या मनात येडाईला हाका मारत होतो. आणि रोजची जागा आली तसे बैल कुणी न सांगता गुमान वळले.

गुंडाप्पाने त्यांना पुन्हा सरळ केलं. ते पुन्हा वळले. आठ दिवसांची शिकवण ती, बैल बिचारे इमानाने पाळत होते!

कॅप्टन पुढे आले. "गुंडाप्पा, बैलं इथंच का वळली?"

"सवं हाय साहेब त्यास्नी."

"बैलाला सवं आपसूक लागत न्हाई. कुणीतरी लावावी लागती."

शामियान्यातून तहसीलदार ओरडले, "कॅप्टनसाब, बैलांचं काय घेऊन बसलात! माळ पक्का आहे. मोठ्या विमानाचा कागद लिहून टाका, मला तार करायची आहे."

कॅप्टननी बैलांच्या पुढे दोन-चार पावलं टाकली. तेवढ्यात धुरपदाबाई गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आडव्या आल्या.

"आदी पानी घ्या साहेब. उन्हात कोरड्या घशानं कामं करू न्हाय."

कॅप्टन माझ्यावर बसले. त्यांनी गूळ खाल्ला, पाणी प्यायलं आणि माझ्या तुटक्या कडेवरून हात फिरवला. "आमी उमरग्याचे. लहानपनी असल्या रुळामागं सडकेवर चालायचो," ते म्हणाले. मित्रांनो, मला भरून आलं. कोण जाणे, मीच असेन तो.

"साहेब, त्या मोठ्या इमानात कोन कोन बसनार हाय?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"राजेसाहेब, राणीसाहेब, त्यांची सहा वर्सांची लेक, चार मानकरी. आन्‌ मी चालवनार."

"लेक लई आजारी व्हती म्हनं."

"दीड महिना. वाचंल असं वाटत नव्हतं."

धुरपदाबाईंनी पदर घट्ट आवळून घेतला. गुंडाप्पा नको नको अशी मान हलवत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"साहेब, एक सांगते. सांगितल्यावर आमची सहा घरं तुमच्या हातात हायती. हितनं दहा पावलावर पेव हाय. आमची ज्वारी हाय त्यात. वरची फरशी तडकल्याली हाय."

कॅप्टननी मान वळवून शामियान्याकडे पाहिलं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. शिपायांनी पेव उकरलं असतं, बुजवलं असतं, मोठं विमान थाटात उतरलं असतं आणि कॅप्टनचं नाव झालं असतं. मला ते सगळं दिसत होतं आणि माझ्यापाशी तोंड नव्हतं.

"किती खोल?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन पुरुस. मानसावर मानूस हुबा ऱ्हाईल यवढं."

"मला सांगितलं ते बरं केलं, बाई. आता आनखी कुनाला सांगू नका." ते उठले. "गुंडाप्पा, हा रूळ हितनं हलवायचा न्हाई. ह्याला चुना फास. मला वरनं दिसला पायजे."

मग त्यांनी तहसीलदारांना बोलावून घेतलं. "धावपट्टी या रुळापर्यंतच. मोठं विमान इथं उतरणार नाही. लहान आणतो."

"अहो, पुढं इतकी जागा पडली आहे की!"

"ती मी धरत नाही."

"राजेसाहेबांना काय सांगू?"

"वैमानिकाला जागा कमी वाटली, असं सांगा." आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही केली.

चौथ्या दिवशी सकाळी मी पांढराशुभ्र होऊन उभा होतो. गाव लोटलं होतं. आणि नेमका त्या दिवशी वारा फिरला. तो विमानाच्या पाठीमागून वाहू लागला, म्हणजे विमान लवकर थांबणार नव्हतं. लहानसं विमान डोंगराला वळसा घालून खाली आलं, टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं आणि सरळ माझ्यावर चालून आलं. कापडी पंख थडथडत होते. मला वाटलं, आता मीच त्या लेकराच्या जिवावर उठणार! आणि मी नसतो तर पेव होतंच. धुरपदाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. चाकांनी मुरूम उडवला, शेपूट फरफटलं, आणि विमान थांबलं. माझ्यात आणि त्याच्यात एक बैलगाडी जेमतेम बसली असती.

राजेसाहेब उतरले ते रागातच. अवघडलेले पाय झाडत त्यांनी आधारासाठी माझ्यावर हात ठेवला, आणि तळहात चुन्याने भरला. लेक खुदकन हसली. तिला कुणीतरी उचलून डोंगराकडे नेलं. कॅप्टन मात्र बराच वेळ विमानातच बसून होते.

पहारा उठल्यावर सहा घरांनी आपापली ज्वारी नेली. श्रावणात एका दुपारी रिकामं पेव आपोआप ढासळलं. नुसता धप्प आवाज झाला आणि जिथे माळ होता तिथे खड्डा झाला.

पुढच्या संक्रांतीला साधा सदरा घातलेला एक माणूस मोटारीतून उतरून माळावर आला. मी लगेच ओळखलं. कॅप्टन गफार आता कॅप्टन राहिले नव्हते. भित्रा वैमानिक म्हणून राजेसाहेबांनी त्यांना घरी बसवलं होतं. उमरग्याला ते मोटारी दुरुस्त करत होते. गुंडाप्पाने त्यांना खड्ड्यापाशी नेलं. त्यांनी काठावरून वाकून खाली पाहिलं.

"मोठ्या इमानाचं डावं चाक हितंच आलं असतं," ते म्हणाले.

धुरपदाबाईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी आणली. त्याच ज्वारीतली पायलीभर त्यांनी तेव्हापासून बाजूला ठेवली होती, हा माणूस कधीतरी येईल म्हणून. ते माझ्यावर बसून जेवले. भाकरी वाढताना धुरपदाबाई रडत होत्या, आणि ते म्हणत होते, "भाकर लई गोड हाय, बाई. आनखी एक वाढा."

त्यानंतर निजामाचं राज्य गेलं, गुंडाप्पा गेला, धुरपदाबाई गेल्या. माळावर विमान पुन्हा कधी उतरलं नाही. पावसाने चुना धुऊन नेला, एक ठिपका तेवढा राहिला, माझा आस गंजला. मित्रांनो, माझ्यावर खुशाल बसा, चिंचा खा, चेंडूही मारा. फक्त मला फोडून घराच्या पायात घालू नका, आणि माझी एक विनवणी ऐका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाचा तरी भार कुठेतरी उतरवायचं ठरवाल. तेव्हा त्या जमिनीवर रोज चालणाऱ्याला आधी विचारा, आणि त्याला खरं सांगायची भीती वाटणार नाही असं विचारा. त्या दिवशी माळावर पुष्कळ साहेब होते. बैल वळलेले सगळ्यांनी पाहिले. का वळले, हे एकानेच विचारलं.